पोटभाडेकरूचं आभाळ

तुम्ही चहा घ्या, निवून जाईल. तोवर मी माझा एक गाढवपणा सांगून टाकतो. तसे माझ्या नावावर पुष्कळ आहेत, पण बाकीच्यांत मी निदान आभाळाला गोवलं नव्हतं.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. त्याआधी चौतीस वर्षं मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. माझ्या टेबलावरून बिनतारखेचा कागद कधी पुढे गेला नाही, हा माझा आयुष्यातला एकमेव पराक्रम. अर्जावर तारीख नाही? घ्या परत. सही आहे, कोर्टफीचं तिकीट आहे, माणूस चंदगडहून एसटीनं भिजत आलाय, सगळं खरं. पण तारीख? घालून आणा. आणि पेन? पेन मी कुणाला देत नसे. लोक तोंडावर मला भाऊसाहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते शिपाई येऊन सांगायचा, ते चहाबरोबर सांगण्यासारखं नाही.

निवृत्त झाल्यावर उचगावच्या कडेला घर बांधलं. घरामागे दोन वावरं सोडून शिवाप्पाचं गुऱ्हाळ. घरात कन्नड, बाहेर मराठी बोलणारा माणूस. घाणा चालू असला की मराठी, बंद पडला की कन्नड. आम्ही राहायला गेलो त्या दिवशी काकवीची बाटली घेऊन आला आणि म्हणाला की, भाऊसाब, विहिरीच्या अर्जापायी मला तुम्ही दोन खेपा घालायला लावलेल्या. का, तर तारीख नव्हती. मला काही आठवत नव्हतं. त्याला सगळं आठवत होतं, त्या दिवशी मी घातलेल्या सदऱ्याच्या रंगासकट. पण काकवी दिली. माणूस मोठ्या मनाचा.

आता मूळ मुद्दा.

माझी मुलगी रेखा पुण्याला संगणकाचं काम करते. एक दिवस तिचा फोन आला की, बाबा, एका कामाला मला अगदी तुमच्यासारखा माणूस हवाय. निवृत्त माणसाला हे वाक्य ऐकायला मिळालं की तो पुढचं नीट ऐकत नाही. मीही ऐकलं नाही. जे ऐकलं ते असं: पाऊस कुठे पडतोय ते रडारला दिसतं, आणि रडारला दिसलेलं माणसाला दिसावं यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. जगभरची मंडळी मिळून ते तयार करतात. कुणीही फुकट घ्यावं, आत काय आहे ते उघडून बघावं, चूक सापडली तर दुरुस्त करावी. फुकट, आणि वर आतलं सगळं उघडं! आमच्या कचेरीत आतलं उघडं पडलं की चौकशी लागायची.

ते सॉफ्टवेअर सामान्य माणसाला घरी बसवता यावं म्हणून सूचनांची पुस्तिका लिहायचं काम रेखाकडे होतं. ती तपासायला माणूस हवा होता. तिच्याबरोबरचे इंजिनिअर म्हणे सूचना वाचतच नाहीत, डोकं चालवून पुढे जातात.

"बाबा, मला असा माणूस हवाय," ती म्हणाली, "जो एक-एक ओळ वाचेल, लिहिलंय तेवढंच करेल आणि स्वतःचं डोकं अजिबात वापरणार नाही."

मी म्हटलं, "चौतीस वर्षांचा अनुभव आहे."

पुस्तिका आली, सोबत सीडी आली. बत्तीस पानं. मी ती पंच करून फायलीला लावली, वर विषय लिहिला आणि कामाला बसलो.

आता यातली गोम अशी की ते सॉफ्टवेअर आपल्या घरातल्या संगणकावर थेट चालत नव्हतं. त्याला वेगळ्या जातीचा संगणक लागायचा. मग करायचं काय, तर आपल्याच संगणकाच्या पोटात दुसरा खोटा संगणक उभा करायचा. त्याला म्हणायचं व्हर्च्युअल मशीन. बाहेरचा खरा, आतला मानायचा. आतल्याला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. रेखानं हे फोनवर तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हटलं, हा पोटभाडेकरू!

"तसंच समजा," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडा थकवा होता.

पोटभाडेकरूला जागा द्यावी लागते. पुस्तिकेत लिहिलं होतं, निम्मी मेमरी द्या. दिली. त्यानंतर मूळ मालक आणि पोटभाडेकरू दोघेही इतके मंद झाले की मला कचेरीतच बसल्यासारखं वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी माउसचा बाण आतल्या मशीनमध्ये गेला तो बाहेर येईना. मी टेबल हलवलं, माउस आपटला, शेवटी हिला हाक मारली. ही म्हणजे आमची मंडळी, सुमन. ती कणकेच्या हातानं आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली की, आत त्याला बरं वाटत असेल, राहू द्या. पुढे पान अकरावर सापडलं की उजवीकडची एक कळ दाबली की बाण बाहेर येतो.

तिसऱ्या दिवशी यंत्रानं ठिकाणाचं नाव विचारलं. मी इंग्रजीत उचगाव असं टाइप केलं. क्षणभर पडदा काळा झाला, आणि मग बघतो तो काय! मोठं वर्तुळ, मधोमध रडारचा ठिपका आणि वर ठळक अक्षरांत उचगाव. मला भरून आलं. अहो, ज्या गावाचं नाव एसटीच्या पाटीवर कधी धड रंगवलं नाही, ते रडारवर! सगळं वर्तुळ मोकळं होतं. फक्त उजवीकडे वरच्या अंगाला, काठाजवळ, एक हिरवट डाग. हिरवं म्हणजे हलका पाऊस, पान सव्वीस.

आणि मग आली सूचना क्रमांक चौदा. ती मी लाल शाईनं अधोरेखित केली. 'दर वेळी काम सुरू करण्यापूर्वी मशीन जतन केलेल्या मूळ स्थितीत परत न्यावे.' किती शहाणपणाची सूचना! मूळ प्रत खराब व्हायला नको. मी रोज सकाळी नऊला संगणक लावायचो, मशीन मूळ स्थितीत न्यायचो, रडार बघायचो आणि वहीत नोंद करायचो. तारीख आणि वेळ पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात संगणक आपणहून दाखवतो, ती उतरवून घ्यायची. पुढे शेरा: आकाश निरभ्र. पूर्वेस किंचित ईशान्येकडे हिरवट डाग, किरकोळ, स्थिर.

रेखाचा आठवड्याला फोन यायचा. मी म्हणायचो, सर्व काही सूचनेप्रमाणे. ती खूश. मी खूश.

फेब्रुवारीच्या शेवटी एकदा शिवाप्पा सहज डोकावला. खुर्ची ओढून पडद्यापुढे बसला. मी त्याला वर्तुळ दाखवलं, उचगाव दाखवलं, डाग दाखवला.

"म्हंजे आज पाऊस न्हाय?"

"नाही," मी म्हटलं.

आणि खरंच पडला नाही हो! दुसऱ्या दिवशी विचारलं, नाही म्हटलं, नाही पडला. तिसऱ्या दिवशी तेच. फेब्रुवारी-मार्चात उचगावात पाऊस पडणार नाही हे शिवाप्पाचा बैलसुद्धा सांगू शकला असता, पण त्याच्याकडे वही नव्हती.

पंधरा दिवसांत गावात बातमी झाली की भाऊसाहेबांच्या गच्चीवर रडार बसलंय. गच्चीवर आमची पाण्याची टाकी होती. लोक येता-जाता टाकीकडे बघून आदरानं बोलायला लागले. कुणी मिरच्या वाळत घालायच्या म्हणून विचारायला यायचं, कुणी छपरावरची कौलं उतरवायची म्हणून. मी चष्मा लावायचा, वही उघडायची, निरभ्र. एकही अंदाज चुकला नाही. चौतीस वर्षांत जेवढे नमस्कार मिळाले नाहीत तेवढे त्या दीड महिन्यात मिळाले. कचेरीत लोक मला भाऊसाहेब म्हणायचे ते कामापुरतं. इथे मनापासून.

एकटी ही बधली नाही. कुरडया घालायच्या म्हणून मी आपणहून अहवाल दिला, तर म्हणाली, मी वर जाऊन बघून आलेय.

मग तो डाग. शिवाप्पाला त्याचं फार कौतुक. कुठं पडतोय हा, म्हणून रोज विचारायचा. मी नकाशा काढला, पट्टी लावली आणि सांगितलं, जतकडे. झालं! जत म्हणजे त्याची सासुरवाडी. त्यानं मेव्हण्याला फोन लावला की, तुमच्याकडं महिनाभर पाऊस चालू हाय म्हनं, मजा हाय तुमची. मेव्हणा तेव्हा घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा होता. त्याला वाटलं दाजी थट्टा करतायत. त्यानं फोन ठेवला तो ठेवलाच. आणि मे महिन्यात शिवाप्पाच्या मोठ्या मुलीचं लग्न, मेव्हणा म्हणजे नवरीचा मामा. शिवाप्पाची बायको दारात येऊन मला म्हणाली की, भाऊसाब, मामा लग्नाला आला न्हाई तर मामाच्या जागी तुमचं रडार उभं करायचं काय?

दुसरा एखादा असता तर त्यानं इथेच थांबून विचार केला असता. पण मी वाचणारा माणूस पडलो. एका पुस्तकात वाचलं होतं की कोरड्या मुलखात पाऊस वरच्या हवेत पडतो आणि जमिनीवर पोचण्याआधीच वाळून जातो. हे शिवाप्पाला समजावून सांगितलं. त्यानं ते मेव्हण्याला कळवलं की, तुमच्याकडं पडतोय खरा, पर खाली येत न्हाय. मेव्हण्यानं परत फोन ठेवला.

एप्रिलचा दुसरा आठवडा आला. शिवाप्पाचा हंगामातला शेवटचा ऊस तोडून गुऱ्हाळापुढे रचलेला. या उसाचा गूळ लेकीच्या लग्नाच्या पंगतीसाठी ठेवायचा होता. पुरणपोळीला बाहेरचा गूळ वापरला तर गुऱ्हाळवाल्यानं तोंड कुठे दाखवायचं? आता तुम्ही गुऱ्हाळ बघितलं असेल तर ठाऊक असेल, रस आटवायच्या काहिलीखालचं चुलवाण पेटतं ते चिपाडावर. रस काढून उरलेलं चिपाड मैदानात पसरून कडक वाळवायचं आणि तेच जाळायचं. चिपाड भिजलं की चुलवाण बंद. चुलवाण बंद की तोडलेला ऊस आंबायला लागतो आणि गूळ काळा पडतो. सगळं मैदानावर उघडं पडलेलं, आणि दुपारी दोनला हवा अशी कोंडली की पान हलेना.

शिवाप्पा धावत आला. त्याचा गुळव्या म्हादबा, म्हणजे काहिलीवरचा मुख्य कारागीर, म्हणत होता की वारं पडलंय, सगळं चिपाड गोळा करून ताडपत्रीखाली घालू या. पण त्यात तीन तास जाणार, घाणा बंद ठेवावा लागणार, ऊस पडून राहणार.

"काय करू, भाऊसाब? तुमचं रडार काय म्हनतंय तसं करतो."

खिडकीतून पन्हाळ्याच्या अंगाला आभाळ काळंभोर दिसत होतं. मला दिसत नव्हतं असं नाही. पण नियम म्हणजे नियम. मी संगणक लावला. सूचना चौदा, मशीन मूळ स्थितीत. उचगाव. वर्तुळ स्वच्छ. जतवर डाग, स्थिर.

एवढ्यात ही डोक्यावर पदर घेऊन मागून गेली. "कुरडया आणायला चाललेय गच्चीवर," ती म्हणाली. "तुमच्या डब्याला विचारून घ्या, आणू का नको ते."

शिवाप्पानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "तेवढं लिवून द्या, भाऊसाब. म्हादबा माझं ऐकायचा न्हाय. तुमची सही बघितली तर गप बसंल."

मी कागद ओढला, 'आकाश निरभ्र आहे' एवढे तीन शब्द लिहिले, खाली सही ठोकली. तो कागद हातात फडकावत गेला.

अर्ध्या तासात वळीव आला. आला म्हणजे कोसळलाच. आधी धूळ, मग पत्रे, मग गारा. वीज गेली, पण संगणक इन्व्हर्टरवर होता. खिडकीतून पाणी आत येत होतं, मी कीबोर्ड पोटाशी धरून उभा, आणि समोर पडद्यावर उचगाव, स्वच्छ, निरभ्र. मी डोळे चोळले. खिडकीबाहेर गारा, पडद्यावर ऊन. खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं, खिडकीतच काहीतरी बिघाड आहे.

रेखाला फोन लावला. म्हटलं, तुझं सॉफ्टवेअर कामातून गेलंय, इथे गारा पडतायत आणि त्याला पत्ता नाही. ती आधी गोंधळली. मग तिनं अगदी हळू विचारलं, "बाबा, चित्रावर खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरं आहेत. तिथे तारीख काय आहे?"

"तारीख आजचीच. मी रोज वहीत उतरवतो की."

"ती बाहेरच्या मशीनची. मी आतल्या चित्रावरची विचारतेय."

मी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं. तिथे तारीख होती. नऊ वर्षांपूर्वीची, नोव्हेंबरातली. खाली एका गावाचं नाव, त्यातल्या अक्षरांच्या डोक्यावर इतके ठिपके की उच्चार करता येईना.

"ते उत्तरेकडचं आहे, युरोपात," रेखा म्हणाली. "तो नमुना आहे, बाबा. सॉफ्टवेअर नीट बसलं की नाही ते बघायला एकच जुनं चित्र सोबत देतात. आपल्याकडच्या रडारशी ते कुठे जोडलंय? आणि तुम्ही रोज मूळ स्थितीत नेता, म्हणजे रोज तेच उघडतं."

"पण वर उचगाव लिहिलंय," मी शेवटचा पुरावा पुढे केला.

"ते तुम्हीच टाइप केलंत."

तारीख बाहेरच्या मालकाची, आभाळ पोटभाडेकरूचं, आणि नाव मी दिलेलं. तिन्ही कागद वेगवेगळ्या फायलींतले, एकत्र टाचून मी दीड महिना गावाला दाखवत होतो.

"आणि तो हिरवा डाग?" मी विचारलं. "जतचा?"

"नोव्हेंबर आहे ना तिकडचा," ती म्हणाली. "तो पाऊस नसेल. बर्फ असेल."

म्हणजे मी दीड महिना जतवर बर्फ पाडत होतो.

पाऊस थांबल्यावर गुऱ्हाळावर गेलो. मैदानात चिपाडाचा लगदा. म्हादबा ओट्यावर तंबाखू मळत बसलेला, त्यानं मला बसायला पोतं दिलं. शिवाप्पाचा घाणा बंद होता, त्यामुळे त्याचं कन्नड सुरू होतं. मला ती भाषा येत नाही याचं त्या दिवशी समाधान वाटलं. एकदा थांबून त्यानं मराठीत फक्त एवढंच विचारलं, की लग्नाच्या पोळीत आता काय घालू, निरभ्र?

मी त्याला सगळं खरं सांगून टाकलं. नमुना, तारीख, बर्फ. त्यानं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, ते असू द्या, आता वाळकं जळण कुठनं आणू ते सांगा.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा टेबल सोडून कामाला लागलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उचगावच्या शेवटापासून कळंब्याच्या वाटेपर्यंत जेवढी गुऱ्हाळं होती तेवढी फिरलो. ज्यांनी म्हादबासारख्यांचं ऐकलं होतं त्यांचं चिपाड ताडपत्रीखाली कोरडं होतं. दारात उभं राहून मागायचं, का हवंय ते सांगायचं. सगळ्यांना आधीच कळलेलं. एकानं अर्धी ट्रॉली भरून दिली आणि हात जोडून विचारलं, "भाऊसाहेब, घरी पोचस्तवर पाऊस नाही ना?" दुसऱ्यानं देताना टाकीची चौकशी केली. प्रत्येक भाऱ्यामागे एक टोमणा, पण भारा मिळाला. आमच्या हिनं बंबासाठी साठवलेल्या वर्षभराच्या शेण्या, म्हणजे गोवऱ्या, दिल्या आणि माझी नोंदवहीही वर टाकली. म्हणाली, एवढं तरी नक्की कोरडं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चुलवाण पेटलं. पहिल्या जाळाला मी वही आत टाकली. दीड महिन्याचं निरभ्र आकाश भुरकन जळालं. गूळ उतरला, नेहमीपेक्षा जरा तांबूस, पण म्हादबानं बोटावर घेऊन चाखला आणि मान हलवली, म्हणजे पंगतीला चालेल. शिवाप्पानं मेव्हण्याला फोन करून बर्फाची हकिकत सांगितली. पलीकडचं हसणं मला चार हातांवरून ऐकू आलं. मामा लग्नाला यायला तयार झाला. मात्र येताना स्वेटर आणू का, असं मला विचारायला सांगितलं.

रेखानं पुस्तिकेत नवी सूचना घातली. क्रमांक पंधरा: 'पडद्यावर दिसणारे आभाळ आजचे नाही.' जगात जिथे जिथे ती पुस्तिका जाते तिथे ती सूचना जाते. विज्ञानाला माझं योगदान तेवढंच.

गूळ उतरला त्या दिवशी मी घरी निघालो तेव्हा शिवाप्पानं गरम गुळाचा खडा पळसाच्या पानावर दिला. मी हात पुढे केला, तसा त्यानं मुंडाशातून चुरगळलेला, भिजून वाळलेला कागद काढला आणि तोही माझ्या हातावर ठेवला. माझंच अक्षर. आकाश निरभ्र आहे. खाली सही.

"हे तुमचं परत घ्या," तो म्हणाला.

"आता कशाला देतोस?"

"बघा की नीट." त्यानं सहीशेजारच्या कोऱ्या जागेवर गुळानं चिकट झालेलं बोट ठेवलं. "तारीख न्हाय ह्यावर. घालून आना, मग बघू."

तो कागद मी घरी आणला, चष्मा लावला, पेन उघडलं. आणि अडलो. तारीख कुठली घालायची, बाहेरच्या मशीनची की आतल्या? आज इतकी वर्षं झाली, ठरलेलं नाही. माझ्या टेबलावर आयुष्यात एकच कागद प्रलंबित राहिला, आणि त्यावर सही माझी आहे.